जुन्या मनगटी घड्याळाची तबकडी साफ करताना

वडिलांचं चावीचं घड्याळ मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा परभणीत कॉलेजला होतो. ते कित्येक वर्षं पत्र्याच्या ट्रंकेत पडून होतं. काच धुरकट, तबकडी पिवळट, चारच्या आकड्याजवळ बारीक काळे ठिपके. मेडिकलमधून स्पिरिट आणलं, इअरबड बुडवला आणि बाराच्या आकड्याखाली हलक्या हातानं फिरवला. कापसाचं टोक काळं झालं. मळ निघतोय म्हणून बरं वाटलं, म्हणून दुसरं टोकही फिरवलं. तेही काळं झालं. भिंग लावून पाहिलं तेव्हा कळलं, तो मळ नव्हता, ती अक्षरं होती. कंपनीचं नाव कापसावर आलं होतं आणि तबकडीवर नुसता राखाडी फराटा उरला होता.

वडील रागावले नाहीत. घड्याळ कानाला लावून "चालतंय ना?" एवढंच म्हणाले. पण तो फराटा आजही तिथं आहे आणि पुढं कधीच जाणार नाही.

त्यानंतर मी बाजारातल्या एका जुन्या घड्याळ दुरुस्तीवाल्या चाचांच्या दुकानात जाऊन बसायला लागलो. डोळ्याला भिंग अडकवून ते तासन्‌तास काम करायचे. तबकडीबद्दल त्यांचं एकच सांगणं होतं: "गर्दा उठाव, रंग कू हात नक्को लगाव." वर बसलेली धूळ काढायची, तबकडीचा जो रंग वयानं बदलला आहे त्याच्या वाटेला जायचं नाही. पुढचं सगळं मी त्याच बोलण्याच्या आधारानं सांगणार आहे.

तबकडी इतकी नाजूक का

मशीनचे भाग पितळ आणि पोलादाचे असतात, ते धुता येतात. लहान गावांतले दुरुस्तीवाले ते पेट्रोलच्या वाटीत बुडवून ब्रशनं घासतात आणि मशीनला काही होत नाही. तबकडीचं तसं नाही. खाली पितळेचा पातळ पत्रा, त्यावर मुलामा किंवा रंग, त्यावर लॅकरचा पारदर्शक थर. आकडे, मिनिटांच्या रेघा आणि नाव हे बहुतेकदा त्या लॅकरच्याही वर मऊ ठशानं उमटवलेले असतात. म्हणजे सगळ्यात मोलाची गोष्ट सगळ्यात वर आणि सगळ्यात उघडी. काही तबकड्यांवर छपाईवरून आणखी एक लॅकरचा हात असतो, पण ते बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून छपाई उघडीच आहे असं धरून चालायचं.

स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल या सगळ्यांनी लॅकर किंवा छपाई खराब होऊ शकते. काच पुसायच्या स्प्रेमध्येही बहुधा अमोनिया किंवा अल्कोहोल असतं. लिंबू आणि खायचा सोडा मुलाम्याशी खेळतात. टूथपेस्टमध्ये घासणारी भुकटी असते, तिची एक जागा आहे, पण ती तबकडी नाही. हे सगळं आधीच टेबलावरून उचलून ठेवा, म्हणजे मोह होणार नाही.

आधी काचेकडे बघा

तबकडी मळली म्हणून माझ्याकडे जी घड्याळं येतात, त्यांतल्या पुष्कळांची तबकडी मुळात ठीक असते. मळ काचेत असतो. जुन्या घड्याळांची काच म्हणजे ॲक्रिलिक. खिशातली नाणी, मोटारसायकलचं हँडल, शेतातलं काम यांनी तिच्यावर हजार ओरखडे पडतात आणि खालचं सगळं धुक्यातून दिसतं.

ओळखायची रीत सोपी आहे. टॉर्च तिरपा धरा, डोळ्याला भिंग लावा आणि घड्याळ हळूच इकडेतिकडे कलवा. डाग जर आकड्यांच्या तुलनेत सरकताना दिसला तर तो काचेवर आहे. आकड्याला चिकटून राहिला तर तबकडीवर. ओरखडे काचेवर असतील तर ॲक्रिलिकसाठी मिळणारी पॉलिश किंवा साधी पांढरी टूथपेस्ट मऊ सुती कापडावर घेऊन आधी एका दिशेनं, मग आडवी, अशी पाच-सात मिनिटं चोळा. त्याआधी काचेच्या कडेला रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे पेस्ट फटीत जाणार नाही. पाण्यानं धुवायचं नाही, ओलसर कापडानं पुसायचं. पुष्कळ घड्याळांचं काम इथंच संपतं आणि तबकडीला हात लावायची वेळच येत नाही. यासारखं समाधान नाही.

मळ कुठला, वय कुठलं

काच स्वच्छ झाल्यावरही तबकडी खराब दिसत असेल, तर जे दिसतंय ते काय आहे हे ठरवल्याशिवाय पुढं जाऊ नका.

सुटी धूळ, कापडाचे तंतू, जुन्या गॅस्केटची (झाकणाखालच्या रबरी कडीची) काळी भुकटी, काचेच्या कडेतून आलेली माती: हे सगळं वर बसलेलं आहे, निघतं. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ फार बारीक असते. उन्हाळ्यात वाऱ्यावर उडते आणि चावीच्या फटीतून आत जाते. ती भिंगाखाली ओळखू येते, कारण तिच्या कणांना सावली पडते.

पिवळेपणा, चहासारखा तपकिरी रंग, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा, काळे-हिरवे ठिपके: हे लॅकरचं किंवा खालच्या धातूचं वय आहे. पावसाळ्यात आत शिरलेली ओल, मग मे महिन्यातलं चाळीस अंशांच्या पुढचं ऊन, असं वर्षानुवर्षं चाललं की लॅकर आकसतं, तडकतं. ठिपक्यांच्या जागी ओल थेट पितळेपर्यंत पोचलेली असते. तिथं घासलं तर ठिपका जात नाही, त्याच्या भोवतीचा रंग जातो. चांदीचा मुलामा असलेली तबकडी काळवंडली असेल तर तो चांदीवरचा सल्फाइडचा थर असतो. भांडी चमकवायच्या पावडरनं तो निघतो खरा, पण मुलामा इतका पातळ असतो की त्याच्याबरोबर तोही निघतो, आणि आकडेही.

अशा तबकडीला मी तसंच ठेवतो. जुन्या घड्याळांच्या जाणकारांमध्ये एकसारखी उतरलेली मूळ तबकडी नव्यानं रंगवलेल्या चकचकीत तबकडीपेक्षा अधिक मोलाची मानली जाते, आणि मला ते मनापासून पटतं. एचएमटीचंच घ्या. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानं बंगळूरला त्यांचं घड्याळांचं काम सुरू झालं आणि २०१६ मध्ये त्यांची घड्याळांची कंपनी बंद करायचं ठरलं. आता त्या काळची मूळ तबकडी नव्यानं येणार नाही. बाजारात भडक निळ्या-लाल तबकडीची 'जनता' किंवा 'पायलट' मिळतात, त्यांतल्या पुष्कळ रंगवून घेतलेल्या असतात. घरात देवनागरी आकड्यांची मूळ 'जनता' असेल तर तिच्यावरचा पिवळेपणा सहन करा. आणि आधीच कुणी रंगवलेली तबकडी असेल तर ओला हात मुळीच लावू नका. तो रंग कुठला, किती पक्का, कुणाला माहीत नसतं.

चमकणारे आकडे: इथं थांबा

अंधारात चमकण्यासाठी आकड्यांवर आणि काट्यांवर भरलेला दाणेदार, पिवळट-तपकिरी रंग दिसला तर हा परिच्छेद दोनदा वाचा.

साठच्या दशकापर्यंत या रंगात रेडियम वापरत. रेडियम जस्ताच्या सल्फाइडला सतत चेतवत राहतं आणि रंग चमकतो. चमक काही दशकांत मरते, कारण सल्फाइड झिजतं. रेडियम मात्र तिथंच असतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षांचं आहे. म्हणजे आजोबांचं जुनं स्विस घड्याळ अंधारात चमकत नाही, याचा अर्थ त्यातलं रेडियम संपलं असा होत नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत तबकड्या रंगवणाऱ्या मुलींनी ब्रशला टोक काढायला तो ओठांत धरला आणि त्यांतल्या अनेकींना जबड्याचे आणि हाडांचे भयंकर आजार होऊन जीव गमवावा लागला. घड्याळ बंद असताना काच आणि झाकण बरंच काही अडवतात. धोका आहे तो उघडल्यावर, तो रंग भुगा होऊन नाकातोंडात जाण्याचा.

रेडियमनंतर ट्रिटियम आलं. तबकडीच्या अगदी तळाशी, सहाच्या आकड्याखाली देशाच्या नावाच्या आजूबाजूला इंग्रजी 'टी' हे अक्षर असेल तर ते ट्रिटियम. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, आणि त्याचा धोका रेडियमच्या मानानं पुष्कळ कमी. एखादा काटा वर्षानुवर्षं एकाच जागी थांबून राहिला आणि त्याच्या आकाराचा तपकिरी डाग तबकडीवर जळल्यासारखा उमटला असेल तर तिथं रेडियमची शक्यता जवळजवळ पक्की धरा.

खात्री नसेल तर रेडियमच आहे असं समजून वागा. घरी उघडू नका. उघडलंच आणि रंग सुटलेला दिसला तर ब्रश नाही, फुंकर नाही, ब्लोअर नाही. झाकण लावा, हात साबणानं धुवा, ज्या कागदावर काम केलं तो ओलसर करून घडी घालून पिशवीत बांधा. असं घड्याळ लहान मुलांच्या हातात आणि बंद खोलीतल्या उशाशी ठेवू नये. रेडियमपासून रेडॉन वायू तयार होतो, म्हणून हवेशीर जागा बरी. मी स्वतः अशी तबकडी साफ करत नाही. काच बाहेरून पॉलिश करतो आणि परत देतो.

जागा आणि सामान

आता ज्यांच्या घड्याळात चमकणारा रंग नाही, त्यांनी पुढं यावं.

वेळ निवडा. एप्रिल-मेमध्ये हे काम करू नये असं माझं मत आहे. कपाळावरचा घाम तबकडीवर पडतो, पंखा लावला तर सेकंदकाटा उडतो, आणि कूलरसमोर बसलं तर ओल थेट मशीनमध्ये जाते. दिवाळीनंतर, थंडीतल्या सकाळी, पंखा बंद करून, खिडकीच्या उजेडात बसा. लाइट जाते म्हणून टॉर्च चार्ज करून जवळ ठेवा. अर्ध्यावर काटे निघालेले असताना अंधार झाला की काय होतं ते मी भोगलं आहे. कड असलेली स्टीलची मोठी ताटली घ्या, तीत पांढरा कागद घाला, मांडीवर टॉवेल अंथरा. स्क्रू निसटला तर फरशीवर न जाता टॉवेलवर थांबतो.

सामान असं: डोळ्याला लावायचं भिंग, मागचं झाकण उघडायची चाकू किंवा किल्ली, घड्याळाचे बारीक स्क्रूड्रायव्हर, अणकुचीदार चिमटा, काटे काढायच्या तरफांची जोडी, रबरी ब्लोअर, बोटांना लावायच्या रबरी टोप्या, अगदी मऊ ब्रश, मशीन धरायचा छोटा होल्डर आणि एक काचेची वाटी, काढलेलं झाकून ठेवायला. त्याबरोबर रोडिको. ही बर्जियन कंपनीची हिरवी, लोण्यासारखी मऊ लगदी, घड्याळवाल्यांकडे आणि ऑनलाइन मिळते. तिच्याऐवजी भिंतीवर पोस्टर चिकटवायची लगदी वापरू नका, ती तेलकट डाग सोडते. कॅनमधली दाबाची हवाही नको, तिच्यातून थंड द्रव उडतो आणि लॅकरवर डाग पडतो. तोंडानं तर कधीच फुंकू नका. फुंकरीतली ओल भिंगाखाली दवासारखी बसलेली दिसते.

पाण्याचं खास सांगतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, वाळलं की पांढरा थर सोडतं, तो बादलीच्या कडेला रोज दिसतो. तोच थर तबकडीवर आला तर निघत नाही. मेडिकलमध्ये इंजेक्शनसाठीच्या निर्जंतुक पाण्याची पाच-दहा मिलिलिटरची कुपी मिळते, ती स्वस्त आणि शुद्ध असते. मी तीच वापरतो. बॅटरीच्या दुकानातून पाणी आणू नका. तिथं ॲसिडच्याही तशाच बाटल्या असतात आणि लेबल वाचायची घाई नडते.

आपल्या परभणीकडं कापूस घरोघरी, पण सुटा कापूस इथं चालत नाही. त्याचे तंतू मिनिटांच्या रेघांना आणि उठावाच्या आकड्यांना अडकतात. फोमच्या टोकाची काडी मिळाली तर उत्तम, नाहीतर घट्ट वळलेला चांगला इअरबड.

उघडणं

घड्याळाची चावी संपू द्या. मग बाजूची चावी ओढून काटे बाराजवळ एकावर एक आणा. मागचं झाकण उघडा: दाबाचं असेल तर कडेला चाकूसाठी खाच शोधा, आट्याचं असेल तर किल्लीनं फिरवा. मागून उघडायला जागाच दिसत नसेल तर ते समोरून, काच काढून उघडायचं घड्याळ असू शकतं. ते अनुभवी माणसाकडं न्या.

चावीची दांडी आत जिथं जाते त्याच्या शेजारी एक बारीक बटण किंवा स्क्रू असतो. बटण असेल तर हलकं दाबून चावी ओढायची. स्क्रू असेल तर एक-दोन फेरेच सैल करायचा, पूर्ण काढायचा नाही. काही मशीनमध्ये चावी बाहेर ओढल्यावरच ते बटण समोर येतं. जोर लावावा लागत असेल तर तुम्ही चुकीच्या जागी दाबत आहात. दांडी निघाली की घड्याळ होल्डरवर पालथं करून मशीन अलगद उतरवा. या क्षणी पुष्कळ घड्याळांची आणखी एक गोष्ट उघड होते: काचेच्या आतल्या बाजूला बसलेला धुरकट थर. काचेची आतली बाजू आता मोकळी आहे तर ती ओलसर कापडानं पुसून घ्या आणि तबकडीवर धरून पाहा. समाधान झालं तर इथूनच परत फिरा. काटे काढायचे नाहीत, तबकडी सोडवायची नाही. ब्लोअरनं धूळ उडवून मशीन परत बसवा.

काटे काढायचेच असतील तर प्लास्टिकच्या पातळ पिशवीचा तुकडा घ्या, त्याला मधोमध चीर द्या आणि तो काट्यांवरून तबकडीवर बसवा, म्हणजे तरफांचे ओरखडे पडत नाहीत आणि काटा उडाला तर प्लास्टिकखाली राहतो. दोन्ही तरफा समोरासमोर तासकाट्याखाली सरकवून दोन्ही एकाच वेळी, सारख्या जोरानं दाबा. तिन्ही काटे एकत्र उचलले जातात. सहाच्या आकड्याजवळ छोटा सेकंदकाटा असेल तर तो नंतर, वेगळा.

तबकडीला मागे दोन पाय असतात आणि ते मशीनच्या कडेला दोन बारीक स्क्रूंनी धरलेले असतात. दोन्ही एक-दोन फेरे सैल करा. आता तबकडी सरळ वर यायला हवी. आली नाही तर मध्ये स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. एक पाय अजून अडकलेला असतो, आणि तिरपी ओढली तर तो मोडतो. मोडलेला पाय झाळायचा म्हणजे तबकडी तापवायची, आणि तापवली की समोरचा रंग फुगतो. तबकडी निघताना मधलं तासचाक आणि त्यावरची पातळ पितळी चकती सुटून येते. ती चकती केसाएवढी जाड असते आणि पडली की दिसत नाही. लगेच वाटीखाली ठेवा. हात कायम तबकडीच्या कडेला, बोटांना टोप्या. बोटाचा घाम आणि मीठ काही महिन्यांनी लॅकरवर ठसा उमटवतात.

साफ करणं

एवढं सगळं झाल्यावर मुख्य काम फार थोडं असतं, आणि तसंच असायला हवं.

तबकडी उभी धरून ब्लोअरचे चार-पाच झटके द्या, म्हणजे धूळ खाली पडते. मग मऊ ब्रश, पण ब्रशच्या वजनाएवढ्याच जोरानं, मध्यापासून कडेकडं. उठावाचे आकडे असतील तर त्यांच्या कडेच्या कोपऱ्यात धूळ साठते, तिथं ब्रशचं टोक फक्त टेकवायचं.

त्यानंतर रोडिको. बोटांत मळून तिचं निमुळतं टोक करा. डागावर टेकवा आणि सरळ वर उचला. घासायचं नाही, ओढायचं नाही, पिळायचं नाही. प्रत्येक वेळी टोक पुन्हा मळून ताजी बाजू वर आणा. लगदीवर काय आलं ते भिंगाखाली बघत जा. धूळ राखाडी आणि विखुरलेली दिसते. सरळ कडेचा काळा तुकडा दिसला तर ती छपाई आहे. थांबा. तडकलेल्या लॅकरवर आणि चमकणाऱ्या रंगावर रोडिको अजिबात टेकवू नका, पापुद्रे तिच्याबरोबर येतात.

ओलं काम मी दहांतल्या एखाद्या तबकडीवर करतो, तेही लॅकर अखंड, गुळगुळीत आणि डाग स्पष्टपणे वर बसलेला असेल तरच. माशीचा डाग, बोटाचा जुना ठसा, काचेच्या डिंकाचा थेंब, असं काही. आधी चाचणी: तबकडीची अगदी बाहेरची कड, जी केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, काठाखाली झाकलेली असते. काडीचं टोक पाण्यात बुडवून कागदावर टिपून घ्या, इतकं की दाबलं तरी थेंब दिसू नये. कडेवर एकदा गोल फिरवा आणि काडी भिंगाखाली बघा. काडीवर रंग आला किंवा तबकडीवर तो भाग निस्तेज झाला तर ओलं काम नाही, विषय संपला. काही आलं नाही तर डागावर काडी लाटण्यासारखी गोल फिरवा, पुसू नका, आणि लगेच कोऱ्या काडीनं ओल टिपा. एका जागी दोनदा. तिसऱ्यांदा नाही. छापील अक्षरांवर तर एकदाही नाही. मी ज्या अक्षरांवर काडी फिरवली होती, ती मला आजही डोळे मिटले की दिसतात.

म्युझियममधले जतन करणारे लोक रंगकामावरचा मळ काढायला काडीवर चक्क लाळ वापरतात, कारण तिच्यातले पाचक घटक मळ सैल करतात. आमचे चाचाही हेच करायचे, पण फक्त मशीनच्या बाहेरच्या भागावर. मी पाण्यावरच थांबतो.

याला एक अपवाद आहे: मीनाकामाची तबकडी. जुन्या खिशातल्या घड्याळांना ती असते, निजामाच्या काळापासून काही घरांत जपलेली. तांब्याच्या पत्र्यावर काचेची पूड भाजून ती करतात, म्हणून तिला काचेसारखा पांढरा उजाळा असतो आणि ती पिवळी पडत नाही. ती मशीनपासून वेगळी करून कोमट शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब घालून मऊ ब्रशनं हलकी धुता येते. पण सगळेच आकडे भट्टीत पक्के केलेले नसतात, नाव किंवा चिन्ह वरून रंगवलेलं असू शकतं, म्हणून तिथंही आधी कडेला चाचणी. केसासारखी भेग असेल तर तिच्यातला काळा मळ काढायच्या नादात तबकडी वाकवू नका. किंचित वाकली तरी भेग लांबते. धुतल्यावर मऊ कापडावर पालथी ठेवून सावलीत सुकू द्या, उन्हात नाही.

परत बसवणं

क्रम उलटा. तासचाक, त्यावर ती पातळ चकती, मग तबकडी. दोन्ही पाय भोकांत आपोआप उतरले पाहिजेत, दाबावं लागू नये. स्क्रू घट्ट, पण बेताचे. तारखेचं घड्याळ असेल तर दांडी घालून काट्याची नळी फिरवा आणि तारीख नुकतीच बदलली त्या क्षणी थांबा, मग काटे बाराला लावा. नाहीतर तारीख दुपारी चारला बदलत राहील. तासकाटा, मिनिटकाटा, सेकंदकाटा, एकेक करून, तबकडीला समांतर. मग चावीनं पूर्ण बारा तास फिरवून बघा: काटे एकमेकांना, उठावाच्या आकड्यांना किंवा काचेला लागत नाहीत ना. हे न करता घड्याळ बंद केलं की ते रोज ठरावीक वेळी थांबतं आणि माणूस मशीनला दोष देतो.

मशीन केसमध्ये घालण्याआधी काच आतून शेवटची पुसायचा मोह होईल. कोरड्या कापडानं पुसू नका. ॲक्रिलिक घासलं की त्यात वीज साठते आणि ती आजूबाजूची सगळी धूळ ओढून घेते. ब्लोअर पुरे. गॅस्केट कडक झाली असेल तर नवी टाका. तरीही जुनं घड्याळ पाण्यापासून लांबच ठेवा, त्यावर काहीही लिहिलेलं असलं तरी.

ठेवायचं कुठं, हे पुढच्या वीस वर्षांसाठी महत्त्वाचं आहे. आपल्याकडं मोलाची वस्तू ट्रंकेत, रेशमी साडीच्या घडीत, डांबरगोळ्यांच्या शेजारी ठेवायची पद्धत आहे. डांबरगोळ्यांची वाफ बंद डब्यात साठते आणि काही प्लास्टिकांना मऊ करते, घड्याळ तिच्यापासून दूर हवं. देवघराशेजारचं कपाटही नको, उदबत्तीचा धूर फटीतून आत जातो आणि काचेच्या आतला तो धुरकट थर त्यानंही येऊ शकतो. छोट्या डब्यात मऊ कापड, सिलिका जेलची एक पुडी, आणि मृग लागण्याआधी ती पुडी बदलायची. महिन्यातून एकदा चावी द्या आणि दिवसभर चालू द्या.

वडिलांचं घड्याळ माझ्याकडं असंच डब्यात आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्याला चावी देतो, भिंग लावून तो फराटा एकदा बघतो आणि काच बंद ठेवूनच मनगटाला बांधतो.